घरचे आरोग्य : काटा पुन्हा वर का गेला?



परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याहून एका सुनेचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे आणि ती रास्तच आहे. तिच्या सासूबाईंचे, म्हणजे आत्याबाईंचे, वय बावन्न. दहा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, आणि गुडघे इतके धरलेले की शेतात जाणे दूरच, अंगणातल्या तुळशीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागे. वजन ११८ किलो. उसाच्या भरवशावर कर्ज काढून त्यांना पुण्याला नेले आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून आणली. दाखल होताना ११८ किलो भरलेल्या आत्याबाई पाचव्या दिवशी घरी निघताना १२० भरल्या! पुढे काटा भराभर उतरला आणि पंधराव्या दिवशी १११ वर आला. मग मात्र तिथेच अडला. नऊ दिवस जागचा हलला नाही आणि गेल्या सोमवारी उलट ११२ दाखवू लागला.

सासरे म्हणाले, "एवढा पैसा पाण्यात गेला." शेजारणी म्हणाल्या, "पोट कापूनही वजन वाढतंय म्हणजे नशीबच." आत्याबाईंनी मनाशी ठरवले की पाण्यानेच वजन वाढते, म्हणून पाणी तोडले. आता दिवसभरात दोन फुलपात्रे पाणी पोटात जाते. सून विचारते, "काय चुकले? वजन परत वाढणार का? आणि त्यांना पाणी कसे पाजू?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच तातडीचा आहे. ताई, वजनाचा काटा चार दिवस माळ्यावर टाका आणि पाण्याचा तांब्या आत्याबाईंच्या उशाशी ठेवा. या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात माणसाला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे अंगातले पाणी कमी होणे. वजन किलोभर वर गेल्याने कोणाला काही होत नाही. पाणी तुटले तर चक्कर येते, लघवी गडद पिवळी होते, मूत्रपिंडावर ताण पडतो, रक्त घट्ट होऊन गाठी होण्याची भीती वाढते. त्यातून मधुमेहाचे माणूस असेल तर धोका दुप्पट.

पण एकदम तांब्याभर पाणी पाजू नका. आता पोट लहान झाले आहे. शंभर मिलीलिटरचा लहान पेला घ्या आणि तो तासाभरात घोट घोट करून संपवायला सांगा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत असे पंधरा पेले झाले की दीड लिटर पाणी पोटात गेले. पातळ ताक, वरणाचे पाणी, बिनसाखरेचे लिंबूपाणीही या हिशोबात धरा. लघवी फिकट होऊ लागली की गाडी रुळावर आली असे समजावे.

आता हा काटा वर का गेला ते सांगतो. त्यासाठी शस्त्रक्रियेत नेमके काय करतात ते थोडक्यात पाहू.

पोटावरची शस्त्रक्रिया म्हणजे काय?

पुष्कळांचा समज असा असतो की या शस्त्रक्रियेत पोटावरची चरबी कापून काढतात. तसे नाही. चरबी जिथल्या तिथे राहते. बदल होतो तो जठरात, म्हणजे अन्नाच्या पिशवीत. हल्ली पुष्कळ ठिकाणी करतात त्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी राहते. त्यात शंभर ते दीडशे मिलीलिटर मावते, म्हणजे चहाचा एक लहान कप. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची अगदी लहान पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून पुढे जाते. हा दुसरा प्रकार जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली तो प्रथम केला.

दोन्ही प्रकारांत माणूस थोडक्यात तृप्त होतो. भूक लावणारी काही द्रव्ये कमी होतात, साखरही पुष्कळदा लवकर आटोक्यात येते. मग शरीर रोजच्या खर्चासाठी साठवलेली चरबी वापरू लागते. हे काम महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे "पी हळद नि हो गोरी" अशी अपेक्षा धरू नये.

ही शस्त्रक्रिया सुटलेले पोट आत घेण्यासाठी नाही. उंची आणि वजन यांचे एक गणित असते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. आपल्या लोकांसाठी डॉक्टरमंडळींनी धरलेली जुनी मर्यादा अशी की हा आकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार जडला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. पाच फूट उंचीच्या बाईच्या बाबतीत हे आकडे सुमारे ८७ किलो आणि ७५ किलो होतात. अलीकडे, २०२२ साली, शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. तरीही निर्णय प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. आपल्याकडच्या माहितीतल्या माणसांपैकी नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तसे ते उघडपणे सांगतात. तेव्हा यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही.

वजन म्हणजे नुसती चरबी नव्हे

शेतकऱ्याला ही गोष्ट समजवायला फार वेळ लागू नये. सोयाबीन काढून लगेच बाजारात नेले तर व्यापारी आधी ओलावा मोजतो. का? कारण काट्यावर दाणा आणि पाणी दोन्ही चढतात. चार उन्हे दिली की तेच पोते हलके भरते, पण एक दाणाही कमी झालेला नसतो. दव पडलेल्या पहाटे वेचलेला कापूस दुपारच्या कापसापेक्षा जड भरतो, तोड झालेला ऊस फडात पडून राहिला की वजनाला घटतो, हे आपण दर हंगामाला पाहतो.

माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. मोठ्या माणसाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. लठ्ठ माणसात हे प्रमाण थोडे कमी असते इतकेच. हे पाणी दिवसागणिक कमी-जास्त होते. काटा मात्र पाणी, चरबी, हाडे, मांस, पोटातले अन्न आणि न झालेले शौच हे सारे एकत्रच मोजतो.

आता आत्याबाईंचा हिशोब मांडू.

रुग्णालयात त्यांना सलाईन लावले होते. एक लिटर सलाईन म्हणजे एक किलो वजन. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीर काही दिवस पाणी धरून ठेवते, आतल्या जखमेभोवती सूजही असते. म्हणून घरी निघताना दोन किलो जास्त भरले. ते पाणी होते. पुढच्या दोन-चार दिवसांत लघवीवाटे निघून गेले.

मग दोन आठवड्यांत नऊ किलो उतरले. त्यात काही चरबी होती, पण मोठा भाग पुन्हा पाण्याचाच होता. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. चार-पाचशे ग्रॅमचा. घरात वरच्या खर्चासाठी डब्यात पैसे ठेवतात, तसा. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम कमी झाले की शरीर आधी हा डबा मोकळा करते आणि त्याबरोबरचे पाणीही सुटते. नुसत्या याच कारणाने दीड-दोन किलो उतरतात. मीठ कमी गेल्यानेही पाणी सुटते. भराभर उतरलेला काटा पाहून घरात पेढे वाटले जातात, पण ती सगळी घट चरबीची नसते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उलटा प्रकार होतो. पातळ पेज-वरण सुरू झालेले असते. शरीर त्यातून थोडा थोडा साखरेचा डबा पुन्हा भरते आणि त्याबरोबर पाणी परत धरते. आतून चरबी जळतच असते, पण तिच्या जागी पाणी येऊन बसल्यामुळे काटा हलत नाही, कधी किलोभर वरही जातो. शिवाय दुष्काळी सालात घरधनीण जशी हात आखडते, तसे शरीरही कमी खाणे पाहून आपला खर्च कमी करते. त्यात भर म्हणजे बद्धकोष्ठ. खाणे थोडे, पाणी थोडे, दुखण्याच्या गोळ्या चालू, मग चार-चार दिवस शौचाला होत नाही. तेही वजनच. पाळी येणाऱ्या बायकांच्या अंगात पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी साठते, ते वेगळे.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात असे अडणे इतके नेहमीचे आहे की या विषयातले डॉक्टर रुग्णाला आधीच सांगून ठेवतात. बहुतेकांचा काटा आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा उतरू लागतो, काहींना तीन आठवडेही लागतात. आणि पुढेही असे टप्पे येतातच. उतार हा घाटासारखा असतो. मध्ये सपाटी लागते, एखादा चढही लागतो, पण गाडी शेवटी खालीच येते.

अडतीस भाकरींचा हिशोब

"पण तो एक किलो चरबीच वाढली असेल तर?" अशी शंका मनात राहते. ती गणितानेच घालवू. एक किलो चरबी अंगावर चढायला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात, त्याही रोजच्या खर्चापेक्षा जास्तीच्या. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी सुमारे दोनशे कॅलरी देते. म्हणजे नेहमीचा खर्च भागवून वर आणखी अडतीस भाकरी खाल्ल्या, तर एक किलो चरबी वाढेल. ज्या माणसाला वाटीभर पेज संपवायला अर्धा तास लागतो, त्याने चार दिवसांत अडतीस भाकरी जास्तीच्या खाल्ल्या असे कोणी म्हणेल का? तेव्हा तो किलो चरबीचा नाही, पाण्याचा आहे. सासऱ्यांना हा हिशोब ऐकवा. आयुष्यभर काट्यावर माल घातलेला माणूस आहे, त्यांना लगेच पटेल.

मुंबईतले एक उदाहरण

वजनाच्या आकड्याने किती हुरळावे आणि किती घाबरावे, हे सांगणारी एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातून इमान अहमद नावाच्या बाईंना खास विमानाने मुंबईत आणले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे नाव झाले. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने त्यांना आधी पातळ, मोजक्या आहारावर ठेवले. मार्चमध्ये जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया होण्याआधीच त्यांचे वजन शंभर किलोहून अधिक उतरल्याचे जाहीर झाले. चाकू लागण्याच्या आधीच! इतक्या थोड्या दिवसांत एवढी चरबी जळूच शकत नाही. अंगात साठलेले पाणी उतरले होते. पुढे मे महिन्यात त्यांना अबुधाबीला नेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे तिथे निधन झाले. त्यांना वजनाशिवाय इतरही गंभीर आजार होते.

ही गोष्ट कोणाला भीती घालण्यासाठी सांगितली नाही. त्यांची स्थिती फारच निराळी होती. पण काट्यावरचा आकडा झपाट्याने उतरला म्हणजे माणूस बरा झाला असे नाही, आणि आकडा अडला म्हणजे सारे फुकट गेले असेही नाही, एवढे त्यातून घ्यावे.

वजन कसे आणि कधी करावे?

आठवड्यातून एकच दिवस ठरवा. त्या दिवशी सकाळी उठल्यावर, शौच-लघवी करून, काही खाण्या-पिण्याआधी वजन करावे. कपडे तेच किंवा तसेच हलके असावेत. काटा एकच ठेवावा. पुण्याच्या रुग्णालयाचा काटा, सिरसाळ्याच्या भुसार दुकानातला काटा आणि घरचा काटा यांचे एकमेकांशी जमत नाही. सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर काटा ठेवला तर तो खोटे बोलतो. सपाट फरशीवर ठेवावा. पाहुण्यारावळ्यांसमोर, गल्लीतल्या बायकांसमोर कोणालाही काट्यावर उभे करू नये. जनावराचा बाजार नव्हे तो.

वजनाची एक वही करा. तारीख, वजन, आणि शेजारी टेपाने घेतलेले कमरेचे माप लिहा. पुष्कळदा काटा अडलेला असतो त्याच आठवड्यात कंबर बोटभर कमी झालेली असते. याशिवाय पाहण्यासारख्या खुणा खूप आहेत. उपाशीपोटी साखर किती आली? रक्तदाब किती? रात्री घोरणे कमी झाले का? तुळशीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते का? बांगड्या सैल झाल्या का? चोळीला टाके घालावे लागले का? शस्त्रक्रिया याच गोष्टींसाठी केली होती. त्या सुधारत असतील तर पैसा पाण्यात गेलेला नाही.

काय खावे, कसे खावे?

रुग्णालयाने दिलेला आहाराचा कागद हाच पहिला हुकूम. तो स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवून टाका. साधारण क्रम असा असतो. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ. दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेले वरण असे पातळ पदार्थ. मग दोन आठवडे मऊ, घोटलेले अन्न. त्यानंतर मऊ भात-वरण, नरम भाज्या, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरचे साधे जेवण. वजन अडले म्हणून पुन्हा नुसत्या पाण्यावर जाणे, किंवा अंगात ताकद यावी म्हणून दोन पायऱ्या गाळून भाकरीवर उडी मारणे, दोन्ही वाईट.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रथिने. दिवसाला साधारण साठ ग्रॅम तरी मिळावीत असे डॉक्टर सांगतात. ती मिळाली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्वतःचे मांसही खर्च करते, अशक्तपणा येतो आणि पुढे वजन उतरणेही मंदावते. आपल्या घरात यासाठी काय आहे ते पाहा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम. घट्ट बांधलेले दही, मुगाचे घट्ट कढण, हुलग्याचे माडगे हेही चांगले. आपल्या भागात घरोघरी पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. भाजून दळलेले पीठ चमचा-दोन चमचे पेजेत शिजवून देता येते. तरीही सुरुवातीला एवढे अन्न पोटात मावत नाही. म्हणून डॉक्टरांनी प्रथिनांची पावडर लिहून दिली असेल तर ती श्रीमंती चाळा समजून बंद करू नये.

खाण्याची रीत बदलावी लागेल. घास सुपारीएवढा घ्यावा, पुष्कळ चावावा, वाटीभर अन्नाला वीस-तीस मिनिटे लावावीत. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट सुरू करावे. पोट भरल्याची खूण झाली की तिथेच थांबावे. एक घास जास्त झाला तर उलटी होते. "अन्न टाकू नये" म्हणून ताट चाटूनपुसून संपवण्याची सवय आपल्या घरात चांगली मानतात, पण इथे ताटच लहान वाढावे. आणि आग्रह? आग्रहाची आपली रीत या माणसापुरती बंद करा.

गोड पातळ पदार्थांपासून फार सांभाळा. उसाचा रस, काकवी, गुळाचे पाणी, साखरेचा चहा, बाटलीतली पेये सरळ आतड्यात उतरतात. त्यांनी पोट भरत नाही, पण कॅलरी मात्र पुरेपूर मिळतात. ज्यांचे जठर आतड्याला जोडलेले आहे, त्यांना तर गोड पातळ प्यायल्यावर घाम फुटणे, धडधडणे, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. गुऱ्हाळ सुरू झाले, गरम गूळ आला, "घेऊन तर बघा, औषधी असतो" असे कोणी म्हणाले, तरी नको म्हणावे.

उपवासाचेही सांगून ठेवतो. एकादशी, सोमवार, नवरात्र पाळणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. निदान पहिले काही महिने कडक उपवास करू नयेत, निर्जळी तर मुळीच नको. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. परळीच्या वैजनाथाला हात जोडून "यंदा औषध हाच उपवास" असे म्हणावे. देव रागावणार नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

काटा वर-खाली झाला तर घाबरू नका असे इतका वेळ सांगितले. पण पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र घरी वाट पाहू नका.

ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणे, बसल्या जागी नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणे. जठराला घातलेल्या टाक्यांतून गळती होत असल्याची ही खूण असू शकते.

एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, किंवा अचानक दम लागणे, छातीत दुखणे. रक्ताची गाठ झालेली असू शकते.

वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढून त्याबरोबर दोन्ही पायांना सूज, चेहऱ्यावर सूज किंवा आडवे झाल्यावर दम लागणे. वजनवाढ घातक असते ती अशी. हृदय किंवा मूत्रपिंड तपासून घ्यावे लागते.

पाणीही पोटात न ठरणे, दोन-तीन दिवस उलट्या, चालताना झोक जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ. उलट्यांमुळे ब-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होतो. वेळेवर इंजेक्शन मिळाले तर माणूस सावरतो. नुसते ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना "वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे" हे आवर्जून सांगा.

शौचाला डांबरासारखे काळे होणे, किंवा उलटीत रक्त.

अशा वेळी पुणे गाठण्याचा हट्ट धरून तास घालवू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आधी तिथे न्या, सोबत शस्त्रक्रियेचे कागद न्या, आणि पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून द्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्यांबद्दल एक सूचना. शस्त्रक्रियेनंतर साखर व रक्तदाब खाली येऊ लागतात. जुन्याच मात्रेत गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवले तर साखर फार उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी तुटते. म्हणून साखर रोज तपासा आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदला, आपल्या मनाने नव्हे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी नव्या जठरात व्रण पडतात. मिसरी आणि तंबाखूही त्याच कारणाने सोडावी.

घरातल्यांचे काम

शस्त्रक्रिया एका माणसाची होते, पण चूल साऱ्या घराची असते. पहिले दीड-दोन महिने जड ओझे उचलू देऊ नका. पाण्याची घागर नको, वैरणीचा भारा नको, जात्यावर बसणे नको. चालणे मात्र रोज हवे. सकाळ-संध्याकाळ अंगणात पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. चालण्याने गाठी टळतात, शौच साफ होते, मांस टिकते.

दुसरे म्हणजे जिभेला आवर. "काय फरक पडलाय?" हा प्रश्न रोज कानी पडला की माणूस एकतर खाणे तोडतो नाहीतर चोरून खातो. दोन्हींत नुकसान त्याचेच. भूक मेलेली, अंगात ताकद नाही, आयुष्यभराची जेवणाची गोडी गेलेली, अशा दिवसांत मन उदास होते. वेळेवर दोन शब्द धीराचे मिळाले तर ते औषधाइतकेच कामी येतात. कर्ज काढणाऱ्याला काळजी असणारच, पण ती रुग्णाच्या कानावर घालून काटा खाली येत नाही.

पुढचा पल्ला

वजन उतरण्याचे काम साधारण बारा ते अठरा महिने चालते. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त, मग मंद. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा परत येतात, पण प्रथिने आणि लोह कमी पडू देऊ नये. दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. जुन्या सवयी परत आल्या तर मात्र ते थोडे राहत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत.

ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात. काटा खाली आला, आता बरे वाटते, मग गोळ्या कशाला, असे म्हणून त्या बंद करणारे पुष्कळ असतात. दोन-तीन वर्षांनी हातपाय बधिर होऊ लागले की कारण सापडते. तेव्हा ठरलेल्या तपासण्यांच्या तारखा आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवा. सुगी असो, लगीनसराई असो, की उसाची तोड आलेली असो, त्या तारखा चुकवू नका.